कॉम्प्स तोंडावर आल्यात, नोट्स आहेत पण उत्तर जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अमेरिकेत पॉलिटिकल सायन्समध्ये पीएचडी करतेय, दुसरं वर्ष संपलं, ऑगस्टअखेर कॉम्प्स, म्हणजे थिसिसच्या आधीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, आहेत. आपल्याकडे पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) दिली, कोर्सवर्क झालं की थिसिसला लागतात, तिकडे मधे ही खिंड असते. मला मुख्य विषय कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स (देशादेशांच्या राजकारणाची तुलना), दुय्यम आयआर (आंतरराष्ट्रीय संबंध), दोन्हीचे लेखी पेपर आणि मग कमिटीसमोर तोंडी. दोनदा आपटलं की एमएची डिग्री हातात देऊन रामराम.

सुट्टीत पुण्यात घरी आलेय, पण घरात सतत पाहुणे म्हणून सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. सगळी एमपीएससीची मुलं, परवा शेजारची विचारते, ताई तुमची कुठली पोस्ट? काय सांगणार कप्पाळ. त्यात आमचा स्टडी ग्रुप तिकडे रात्री आठला बसतो म्हणजे इथे पहाटे साडेपाच, मग दुपारी वाचताना डुलक्या.

तर प्रॉब्लेम असा की लिप्सेट १९५९, मूर १९६६, स्कॉचपोल १९७९ असं प्रत्येक अभ्यासकाचं, त्याच्या गाजलेल्या लिखाणाच्या सालासकट, एकेक कार्ड केलंय, कोण काय म्हणालं पाठ आहे. "श्रीमंतीमुळे लोकशाही येते का" यावर घड्याळ लावून उत्तर लिहिलं, सीनियरला पाठवलं, तिचा शेरा: हजेरी घेतलीस, कोण कुणाला खोडतं ते भांडण कुठाय? पटलं. पण शंभरावर पुस्तकं-पेपरांमधे भांडण लावायचं कसं? ज्यांनी दिल्यात त्यांनी सांगा, मोटिव्हेशन नको प्लीज.

प्रतिसाद १:
लेखकाची कार्डं मोड, प्रश्नाची कर. तुझाच प्रश्न घे. लिप्सेट म्हणतो सुबत्ता असेल तर लोकशाही टिकायची शक्यता जास्त. प्शेवोर्स्की आणि मंडळी (हे नाव नीट म्हणायला मला एक सेमिस्टर लागलं) २००० साली म्हणतात, श्रीमंतीनं येत नाही, पण आलेली टिकते, १९७५ च्या अर्जेंटिनाच्या वर उत्पन्न असलेल्या देशात एकदाही पडली नाही. २००३ ला बॉईक्स आणि स्टोक्स उलटले, १९५० च्या आधीचे आकडे घ्या, येते पण! आता मधे भारत आणून बसव, गरीब असून टिकली. इथे लायपहार्टचा भारतीय लोकशाहीवरचा १९९६ चा लेख (सत्ता वाटून घेतली म्हणून टिकली) आणि रजनी कोठारींची १९६४ ची काँग्रेस सिस्टिम (एकाच मोठ्या पक्षाच्या वर्चस्वाची व्यवस्था) कामाला येते. एका कार्डावर एवढंच, आणि खाली तू कुणाच्या बाजूने ते एका वाक्यात. ते वाक्य नसेल तर कार्ड अर्धवट समज.

तोंडीसाठी त्या शेजारच्या मुलीला चहा पाज आणि समोर बसव. ती "बरं, मग?" म्हणाली की तुझ्याकडे पुढचं वाक्य तयार पाहिजे. कमिटी पण तेच विचारते.