चर्चा : प्रशिक्षणाची आणि अनुदानाची खिडकी एकच असावी का?

जायकवाडी (धागाकर्ता)

२०२४ साली राज्य सरकारने दोन योजना जवळजवळ एकाच वेळी आणल्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये. पहिली कौशल्य विभागाकडे, दुसरी महिला व बालविकास विभागाकडे. संजय गांधी निराधार अनुदान तहसील कचेरीत आणि रेशनचे काम पुरवठा शाखेत. कुटुंब एकच, फेऱ्या मात्र चार ठिकाणी.

प्रशिक्षण मध्येच सुटते ते बहुधा अभ्यासक्रम अवघड असतो म्हणून नव्हे. बुडालेली रोजची मजुरी, एसटीचे भाडे आणि घरी सांभाळायला कोणी नसलेले लहान मूल, ही खरी कारणे असतात. आणि त्यांवरचा इलाज प्रशिक्षण केंद्राच्या हातात नसतो. शिवाय एका योजनेची अट दुसरीला विचारत नाही. निराधार योजनेची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१ हजार रुपये. बारावी झालेल्या एखाद्या तरुण विधवेने सहा महिने ६ हजारांप्रमाणे विद्यावेतन घेतले तर ते ३६ हजार होते. ते उत्पन्नात धरले गेले, तर सहा महिन्यांच्या शिकण्यापायी तिचे कायमचे अनुदान धोक्यात येते. असा हिशेब करून प्रशिक्षण नाकारणारी बाई अडाणी नव्हे, व्यवहारी आहे. म्हणून तालुक्याला एकच कार्यालय असावे आणि तिथे शिधापत्रिका, अनुदान, पाळणाघर व प्रशिक्षण यांचा निर्णय एकत्र व्हावा, असे मला वाटते.

कोरडवाहू

आपले निदान बरोबर आहे, औषधाची मात्र मला भीती वाटते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. ते धान्य आणि प्रशिक्षणाची हजेरी एकाच टेबलावर आली, की आज ना उद्या त्या टेबलामागचा माणूस विचारणारच, "वर्गाला का आला नाहीत?" आदेशात अट नसली तरी ती बोलण्यात उतरते. ज्यांनी कचेरीत उभे राहून कामे करून घेतली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो, त्यामुळे इथला अनुभव सांगतो. इथे २००५ पासून दीर्घकाळ बेकार असलेल्यांचे साहाय्य आणि काम करू शकणाऱ्या गरिबांचे सामाजिक साहाय्य एकत्र करून ते जॉबसेंटर नावाच्या कार्यालयांकडे सोपवले गेले. प्रशिक्षण, नोकरीचा शोध आणि मासिक रक्कम एकाच ठिकाणी आली, हे सोयीचे झाले. पण नेमून दिलेले काम वा प्रशिक्षण नाकारल्यास रकमेत कपात करण्याचा अधिकारही त्याच कार्यालयाला मिळाला, आणि ही कपात ६० टक्के, पुढे संपूर्ण रकमेपर्यंत जाऊ शकत असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने ३० टक्क्यांपुढची कपात मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली. म्हणजे कोरडवाहू यांची भीती कल्पनेतली नाही. मात्र ती खिडकी एक करण्याची नाही, तर कपातीचा अधिकार खिडकीला देण्याची आहे.

टिकाव-फावडे

आपल्याकडे याची वाट फार जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरला. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करण्याची तरतूद आली. ती किती ठिकाणी पाळली गेली हा वेगळा विषय, पण काम आणि आधार एकाच कायद्यात विचारात घेतले गेले होते.

त्याच कायद्याच्या आधाराने आलेला 'उन्नती' प्रकल्प तर थेट आपल्या विषयाचाच होता. ज्या कुटुंबाने वर्षात शंभर दिवस काम पूर्ण केले, त्यातल्या १८ ते ४५ वयाच्या एका प्रौढाला प्रशिक्षण आणि त्या काळात कमाल शंभर दिवस मजुरीच्या दराने विद्यावेतन. बुडालेली मजुरी भरून देणे हे तत्त्व अचूक. पण देशभरात एका कुटुंबाला मिळणाऱ्या कामाची सरासरी पन्नास दिवसांच्या आसपासच राहिली. मग शंभराचा उंबरठा ओलांडणारी घरे किती असणार?

बालाघाट

आमच्या बीड जिल्ह्यातून पाहिले तर ही चर्चा थोडी वरवरची वाटते, याबद्दल क्षमस्व. इथे नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जातो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. निघण्याआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या उचलीत गेलेली असते. महिना संपल्यावर खात्यात जमा होणारे विद्यावेतन कितीही वाढवले, तरी एकरकमी उचलीची जागा ते घेऊ शकत नाही. आणि एवढे करून शिकले तरी तालुक्यात नोकरी कुठे आहे? युवा कार्य प्रशिक्षणाची मुदत सहावरून अकरा महिने झाली, तरी प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलने करीतच होते. खिडकी एक करा की चार ठेवा, पलीकडे काही नसेल तर रांगच उरते.

जायकवाडी (धागाकर्ता)

ऱ्हाइनकाठ यांनी दाखवलेला फरक मी मान्य करतो आणि माझी मांडणी दुरुस्त करतो : माहिती आणि निवड एका जागी असावी, पण रेशन व अनुदान थांबवण्याचा अधिकार त्या जागेला मुळीच नसावा, आणि विद्यावेतन कोणत्याही योजनेच्या उत्पन्नमर्यादेत धरू नये. दुसऱ्या मुद्द्यासाठी नवे कार्यालयही लागत नाही. एक शासन निर्णय पुरेल.

बालाघाट यांच्या नोकरीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. उचलीबद्दल मात्र विचारतो : प्रशिक्षण उन्हाळा ते दिवाळी या मोकळ्या महिन्यांत ठेवले आणि विद्यावेतनाचा मोठा भाग सुरुवातीलाच दिला, तर एखादे कुटुंब त्या वर्षी कोयता उचलणार नाही का?

बालाघाट

उन्हाळा ते दिवाळी हे महिने मोकळे नसतात, तेव्हाच घरची कोरडवाहू पेरणी, खुरपणी आणि काढणी असते. तरी आगाऊ रकमेचे म्हणणे पटले. उचल साधारण पावसाळ्यातच ठरते. त्यामुळे पैसे मिळायचे तर मुकादम दारात येण्याआधी मिळायला हवेत, नंतर नव्हे.