किंगरी (तंतुवाद्य) उत्खननात सापडत नाही, म्हणून ती पुरावा नाही का?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती):
माघ पौर्णिमेला कचारगडला जाऊन आले. सालेकसा तालुक्यातली ही गुहा म्हणजे गोंड समाजाचं मूळ ठाणं. कथा अशी: कली कंकालीची ३३ मुलं गुहेत कोंडली होती. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि शिळा हलली. तिच्याखाली सापडून हिरासुकाचा जीव गेला.

नागपूरजवळ माहुरझरीला १९७०च्या दशकात शिळावर्तुळं (दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) खोदली, तेव्हा घोड्यांची हाडं आणि त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. किंगरीच्या तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, वर कातडं, बाकी लाकूड. अडीच-तीन हजार वर्षं आपल्या पावसापाण्यात यातलं काय टिकणार? विधीच्या संगीताचा इतिहास लिहायचा तर कथेला आणि वाजवणाऱ्या हाताला खापराइतकंच वजन द्यायला हवं.

खापरशोध:
ताई, घोडा निघाला म्हणून किंगरी होती असं होत नाही. वर्तुळांत पुरलेली माणसं कोणती भाषा बोलत, तेसुद्धा तिथल्या वस्तू सांगत नाहीत.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांत हात गुंफून नाचणारी रांग दिसते, ढोलवाले दिसतात. नाच होता, हे छातीठोकपणे सांगता येतं. ताल कुठला आणि नाच कशासाठी, ते चित्रात नाही. ती रिकामी जागा आजच्या नाचाने भरली की आजचा माणूस आपण अश्मयुगात नेऊन बसवतो. हा त्याचा अपमान आहे. राजगोंडांच्या दंडारी नाचात सनईच्या जातीचं पेपरे वाजतं. वाद्यं येतात, मुरतात, बदलतात.

वैनगंगाकाठ:
घोड्याचा मुद्दा मागे घेते, जोडणी घाईची होती. पण संग्रहालयात नुसत्या कुऱ्हाडी आणि बांगड्या पाहिल्या की ही माणसं मुकी होती असंच वाटतं. गुहेत ढोल वाजवून नाद किती वेळ घुमतो ते मोजता येतं. ते कुणालाही पुन्हा तपासता येईल.

खापरशोध:
सगळ्याच गुहा घुमतात. त्यावरून तिथे विधी झाला असं ठरत नाही.

परधानटोली:
आमी परधान. माहे आबा किंगरी घेऊन गोंडाच्या घरी जात, त्याहीच्या कुळाची गोठ लावत. सहा देव पुजनाऱ्या सहादेव्याची निराळी, सात पुजनाऱ्या सातदेव्याची निराळी. तुमी दोघंही किंगरी किती जुनी तेवढंच इचारता. ती कोनापुढं वाजवाची, कवा वाजवाची नाई, हे कोनी इचारलं?

एक पाहुने आले होते, रातभर टेप करून गेले. मंग तोंड दाखवलं नाई, नक्कलही देल्ली नाई. आबा आता नाईत. त्याहीचा आवाज कोनाच्या तरी कपाटात हाये, आमच्या घरी नाई. याले कोनतं उत्खनन लागते, सांगा.

वैनगंगाकाठ:
दादा, मी वयाच्या वादातच अडकले होते. तुमचा प्रश्न आधी यायला हवा होता.

खापरशोध:
माझी मतं बदललेली नाहीत, पण पहिली नक्कल गाणाऱ्याच्या घरी राहिली पाहिजे, यावर वाद नाही. कॅसेटवर गाव-वर्ष लिहिलं असेल तर शोध लागू शकतो. काही आठवतं का?

परधानटोली:
१९९४. दिवारीनंतर. हिरासुकाचीच गोठ लावली होती आबानं.