आर्क्टिक मंकीज: हा एकच बँड आहे ना नक्की?

रात्रपाळी_कोथरूड
रील्सवर ते 'आय वॉना बी युअर्स' ऐकून ऐकून शेवटी अख्खा 'एएम' ऐकला, जाम आवडला, मग म्हटलं पहिल्यापासून ऐकू या, तर २००६ चा पहिला अल्बम लावला आणि चक्रावलोच. गाणारा तोच आहे का?? तिकडे श्वास न घेता सुसाट सुटलाय, आणि 'द कार' या अलीकडच्या अल्बममध्ये तर चक्क व्हायोलिनं, जुन्या पिक्चरच्या पार्श्वसंगीतासारखी. मधे झालं काय नक्की? आणि मायस्पेस या जुन्या सोशल साइटमुळे मोठे झाले म्हणतात ते खरंय का?

पितळी_झांज
मायस्पेसचं अर्धंच खरंय. ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हाय ग्रीन भागातली शाळकरी पोरं, २००३ मध्ये 'द ग्रेप्स' नावाच्या पबात पहिला गिग, मग डेमो सीडीवर बर्न करून गिगला फुकट वाटायची. ज्यांना मिळाल्या त्यांनी गाणी नेटवर चढवली, मायस्पेसचं पेजसुद्धा फॅन लोकांनीच काढलेलं. त्यामुळे अल्बम यायच्या आधीच पब्लिकला गाणी तोंडपाठ. २००५ मध्ये डॉमिनो या छोट्या, स्वतंत्र (इंडी) रेकॉर्ड कंपनीने साइन केलं, 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर' थेट नंबर एकला, आणि जानेवारी २००६ मध्ये अल्बम आला तो पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ कॉपी खपला. फुकट वाटलं की विक्री बुडते म्हणून रेकॉर्ड कंपन्या तेव्हा बोंबलत होत्या, त्यांनी हा आकडा बघून काय केलं असेल देव जाणे 😄

हम्बग_भक्त
झालं काय त्याचं उत्तर माझ्या नावातच आहे. लोक म्हणतात 'एएम'ने बँड बदलला, साफ चूक. बदलला २००९ ला, 'हम्बग' या अल्बमने. क्वीन्स ऑफ द स्टोन एज या रॉक बँडच्या जॉश होमने त्यांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रेकॉर्डिंगला नेलं आणि तिथून हे लोक परत आले ते केस वाढवून आणि टेम्पो उतरवूनच. त्याआधीच्या 'ब्रायनस्टॉर्म'मधले मॅट हेल्डर्सचे ड्रम्स आठव, नुसती मशीनगन, आणि मग 'हम्बग'मधलं 'क्राइंग लाइटनिंग' लाव, बेस पुढे आलाय, गिटार मागे कुठेतरी घोंगावतीये, गायक अ‍ॅलेक्स टर्नर शब्द ओढून ओढून म्हणतोय. तेव्हा अर्ध्या फॅन लोकांनी नाकं मुरडली होती. पण तो अल्बम नसता तर 'एएम'मधल्या 'डू आय वॉना नो'चा तो जड, ठेक्यात पाय आपटणारा गिटारचा रिफ आलाच नसता.

तिसरी_घंटा
@हम्बग_भक्त साउंडचं मान्य, पण खरा फरक शब्दांत आहे यार. पहिल्या अल्बममध्ये क्लबच्या दारावरचा बाउन्सर, रात्रीच्या टॅक्सीत कोंबलेली मंडळी, सगळं डोळ्यासमोर घडतं, तेही अस्सल शेफिल्डी बोलीत. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने एवढं बारीक बघून लिहावं म्हणजे कमाल आहे. नंतर प्रसिद्धी आली, टर्नर लॉस एंजेलिसला राहायला गेला, आता त्याला रांगेत कोण अडवणार! मग लिहायचं काय, तर २०१८ च्या अल्बममध्ये चंद्रावरचं हॉटेल. त्याला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने पियानो दिला, त्यावर बसून लिहिलेली ती गाणी. ('आय वॉना बी युअर्स'चे शब्द मात्र बरेचसे जॉन कूपर क्लार्क या कवीचे आहेत, मूळ कविता वाच.)

रात्रपाळी_कोथरूड
अरे भारी, ते कवितेचं माहीतच नव्हतं. पण मग 'द कार' आवडायला काय करावं लागेल, मला तर झोप येते

हम्बग_भक्त
क्रम लाव. 'हम्बग'मधलं 'कॉर्नरस्टोन', मग 'सक इट अँड सी'चं टायटल साँग, मग 'नंबर वन पार्टी अँथम', मग 'स्टार ट्रीटमेंट'. हा हळू गाणारा टर्नर पहिल्यापासून होताच हे कळेल. त्यानंतर 'बॉडी पेंट', आणि शेवटी गिटार येते तोवर बंद करू नको.

पितळी_झांज
आणि २०२३ चा ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या संगीत महोत्सवातला सेट बघ. घसा बसल्यामुळे त्याआधीचा डब्लिनचा शो रद्द झालेला, तरी हा माणूस स्टेजवर आला, आणि जुनी गाणीसुद्धा आताच्या चालीने संथ, रेंगाळत म्हणतो. पब्लिक पुढे पळतंय, टर्नर मागे. मला वैताग येतो, भक्तांना आवडतं.

हम्बग_भक्त
आवडतंच 😌