मदत हवी आहे: शाफ्ट बुशात जाम, प्लॅनवर टॉलरन्सच नाही

बडोद्याचा_खरादी:
आडवं मॉडेल स्टीम इंजिन, सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, जुना इंग्लिश प्लॅन. क्रँकशाफ्ट 5/16 इंच, बुशसमोर (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) फक्त 'रीम' लिहिलंय, म्हणजे रीमरने भोक नेमक्या मापाचं करा. फिट कुठला (सैल की घट्ट), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, काही नाही. मी दोन्ही 8 मिमी केलं. रीमर नवा आहे, एच 7, शाफ्टही 8 चाच, तरी अर्ध्यात अडकतो. पॉलिश पेपर मारू की मोठा रीमर आणू? उत्तरायणाला गच्चीवर कंप्रेसरच्या हवेवर चालवायचंय, पटकन सांगा.

तेलाची_पिचकारी:
'8 चाच' म्हणजे नक्की किती? ब्राइट बार (ओढून गुळगुळीत केलेली सळई) की सिल्व्हर स्टील (ग्राइंड केलेली)? मोजला कशाने?

बडोद्याचा_खरादी:
ब्राइट बार. डिजिटल व्हर्नियर 8.00 दाखवतोय. अजून काय हवंय?

मायक्रॉन_मोजा:
मायक्रोमीटर हवाय. व्हर्नियरची स्वतःची चूकच 0.02 च्या आसपास, आणि तुमचं भांडणही तेवढ्याचंच आहे. शाफ्ट तीन जागी मोजा, प्रत्येक जागी पाव फेरा फिरवून पुन्हा. 8 मिमीला एच 7 (मोठा H, भोकाची मर्यादा) म्हणजे भोक 8.000 ते 8.015. एच 9 (लहान h, शाफ्टची मर्यादा) ब्राइट बार 7.964 ते 8.000.

ड्रॉइंग_ऑफिस:
टॉलरन्स दिला नसेल तर आयएसओ 2768 मीडियम लागतो. 6 ते 30 मिमीला ±0.2.

मायक्रॉन_मोजा:
±0.2 ने शाफ्ट केला तर खुळखुळा होईल. तो नियम बेसप्लेटच्या कडांना लावा, आणि तोही ड्रॉइंगवर तसा उल्लेख असेल तरच. मॉडेलच्या प्लॅनवर टॉलरन्स नसतो, कारण दोन्ही भाग एकाच माणसाने एकाला दुसरा बसवत करायचे असं धरलेलं असतं. भोक आधी, मग त्याच्या मापाने शाफ्ट.

बेअरिंगभाई:
बुश फेका ना, 608 बॉल बेअरिंग टाका. 8 चंच भोक, मिळतंही कुठेही.

तेलाची_पिचकारी:
आणि त्याचा 22 चा बाहेरचा व्यास पेडेस्टलमध्ये (बुश धरणाऱ्या ठोकळ्यात) मावणार कुठे? त्यांनी हे विचारलेलंच नाही.

बडोद्याचा_खरादी:
मायक्रोमीटर उसना आणला. शाफ्ट सगळीकडे 7.990. गंमत म्हणजे सुटा बुश शाफ्टवर मस्त फिरत होता. पेडेस्टलमध्ये दाबल्यावरच जाम झाला.

मायक्रॉन_मोजा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! बुशचा बाहेरचा व्यास किती, पेडेस्टलचं भोक किती?

बडोद्याचा_खरादी:
बुश 12.03, भोक 12.01. गनमेटलचा (काशासारखा मऊ धातू) बुश, पेडेस्टल कास्ट आयर्न. व्हाइसमध्ये दाबला.

मायक्रॉन_मोजा:
म्हणजे बुश भोकापेक्षा 0.02 ने मोठा. पेडेस्टल जाड, बुशची भिंत 2 मिमी, त्यामुळे हा फरक जवळजवळ सगळा बुशच्या आतल्या भोकात उतरतो, भोक तेवढं आवळतं. रीम केलेलं भोक 8.008 धरलं तर दाबल्यावर 7.99 च्या आसपास, आणि शाफ्टही 7.990. फट शून्य. प्लॅनवाल्याने 'रीम' लिहिलं ते बुश बसवल्यावर करायचं म्हणून.

घासपट्टी:
व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून शाफ्ट फिरवा, दहा मिनिटांत मोकळा.

तेलाची_पिचकारी:
अजिबात नको. पेस्टचे कण मऊ गनमेटलमध्ये रुततात आणि पुढे कायम शाफ्ट खातात. पॉलिश पेपरनेही शाफ्ट मधेच बारीक होतो, मग टोकांना टाइट आणि मध्ये ढिला. बुश आहेत तिथेच राहू द्या. दोन्ही पेडेस्टल बेसवर बोल्टने घट्ट करा, डॉवेल (जागा हलू न देणाऱ्या पिना) घाला, मग तोच 8 चा हँड रीमर एका दमात दोन्ही बुशांतून. कटिंग ऑइल द्या. बाहेर काढतानाही सुलटाच फिरवा, उलटा फिरवलात तर धार गेली. दोन पेडेस्टलमध्ये अंतर किती?

बडोद्याचा_खरादी:
50. रीमरची धार 58.

तेलाची_पिचकारी:
मग दुसऱ्या बुशात शिरतानाही रीमर पहिल्यात धरलेला राहील. नंतर शाफ्टला परमनंट मार्करची शाई फासून दोन फेरे द्या. शाई कड्यासारखी चहूबाजूंनी पुसली तर भोक टाइट. एका बुशात वर आणि दुसऱ्यात खाली पुसली तर पेडेस्टल वाकडे, तिथे रीमरचा उपयोग नाही, पेडेस्टलखाली शिम (पातळ पत्रा) लावा.

सूतपुराण:
5/16 म्हणजे अडीच सूत, 7.94 मिमी. प्लॅनशी इमान राखायचं तर 5/16 चाच रीमर घ्यायचा, बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक भागात शोधला तर मिळेल. 8 करून प्लॅन बिघडवलात.

मायक्रॉन_मोजा:
शाफ्ट आणि बुश दोन्ही 8 केले तर काय बिघडतं? सेंटरची अंतरं मात्र अशी गोल करायची नाहीत. सव्वा इंच म्हणजे 31.75, तिथे 32 केलंत तर क्रॉसहेड (पिस्टन रॉडच्या टोकाचा सरकता जोड) तिरका चालेल.

बडोद्याचा_खरादी:
रीमर मारला, पिवळी भुकटी निघाली. आता शाफ्ट उभा धरला की स्वतःच्या वजनाने सरकतो. पण क्रँक डिस्कचं भोकही याच रीमरने केलं होतं. तिथे प्रेस फिट (दाबून घट्ट बसणारा) हवा, डिस्क सैल हलतेय.

तेलाची_पिचकारी:
एक रीमर प्रेस आणि रनिंग (मोकळं फिरणारा) दोन्ही फिटना चालत नाही. शाफ्ट एकच मापाचा असेल तर डिस्कचं भोक बारीक ठेवायचं, 7.97 च्या आसपास, बोअरिंग करून. आता थिनरने दोन्हीचं तेल पुसा, लॉकटाइट 638 (गोल जोड पक्का धरणारा गोंद) लावा, 24 तास हात लावू नका. मग जोडावर आडवं 2 मिमीचं भोक पाडून पिन ठोका. आणि लॉकटाइट बुशाकडे ओघळू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्या पोस्टवर याल.

बेअरिंगभाई:
608 असतं तर...