गुऱ्हाळात चिपाड पुरत नाही: ब्लोअर, गॅसिफायर की नवं चुलवाण?

पन्हाळा_गुऱ्हाळ (धागाकर्ता)

एका काहिलीचं गुऱ्हाळ, पन्हाळा तालुका. आकडे आधीच देतो, म्हणजे विचारणा-उत्तरात वेळ जायला नको. काहिलीचा व्यास ९ फूट. एका आदणाला (काहील भरल्यापासून गूळ उतरेपर्यंतच्या एका फेरीला) २ टन ऊस, रस साधारण १,२०० किलो, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण) १९-२०. गूळ सरासरी २३० किलो. आदण उतरायला अडीच तास, दिवसाला ४ आदणं. चुलवाणाला (काहिलीखालच्या भट्टीला) जाळी नाही, जी काय हवा जाते ती जाळ घालायच्या तोंडातूनच. धुराडं पत्र्याचं, ३० फूट.

हंगामाच्या मध्यापासून चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) कमी पडतं आणि लाकूड विकत घ्यावं लागतं. तीन पर्याय समोर आहेत: २ अश्वशक्तीचा ब्लोअर, चिपाडावर चालणारा गॅसिफायर (सरपणापासून जळाऊ वायू करणारं यंत्र), किंवा चुलवाण पाडून नवं. पैसे कशात घालावेत? टायर आणि चपलांचा चुरा कृपया सुचवू नये.

---

उष्मागतिक

टायरचा विषय तुम्हीच मिटवलात ते बरं. उघड्या काहिलीत काजळी थेट रसात पडते, वर गंधकाचा धूर. खायच्या वस्तूखाली ते जाळायचंच नाही.

आधी हिशेब करू. १,२०० किलो रसातून २३० किलो गूळ, म्हणजे साधारण ९७० किलो पाणी उडवायचं. त्याला सुमारे २,१९० मेगाज्यूल लागतात. रस २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला आणखी ३४० धरा. एकूण २,५३० मेगाज्यूल.

आता सरपण. २ टन उसातून १,२०० किलो रस निघाला, तर ८०० किलो ओलं चिपाड राहिलं. त्यात निम्मं पाणी. वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणला तर ४५० किलो उरतं. अशा चिपाडाचा उष्मांक किलोला सुमारे १५ मेगाज्यूल, म्हणजे हाताशी ६,७५० मेगाज्यूल आहेत. त्यातले ३७-३८ टक्के काहिलीत पोचले तरी लाकडाची एक ढलपी लागायला नको.

म्हणजे सरपण आहे, ते धुराड्यातून वर जातंय. यावर आयआयटी मुंबईच्या संशोधकांचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं काम बघा. चार काहिलींच्या भट्टीवर त्यांनी धुरातल्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजत जाळ घालण्याची पद्धत बदलली. किलोभर गुळाला २.३९ किलो चिपाड लागत होतं, ते १.७३ वर आलं. तुमची काहील एकच आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी अंदाजासाठी २३० किलोला लावून बघा: आधीच्या पद्धतीनं ५५० किलो, नंतरच्या पद्धतीनं ४०० किलो. तुमच्याकडे आहे ४५०. तूट आणि शिल्लक यांच्यातला फरक जाळ घालण्यावर येऊन थांबतो.

---

राखजाळी

उष्मागतिक यांच्या हिशेबाला जोडून, जाळ कसा घालायचा ते सांगतो.

सगळीकडे दिसणारी चूक म्हणजे मोठा भारा एकदम आत ढकलायचा आणि पाच-सात मिनिटं दुसऱ्या कामाला जायचं. भारा पडला की पहिली दोन मिनिटं हवा अपुरी, काळा धूर, न जळलेला वायू सरळ वर. नंतर भारा जळून जातो, तोंड उघडंच असतं आणि गार हवा काहिलीचा तळ गार करत धुराड्यात जाते. एकाच फेरीत दोन्ही तोटे.

अडीच तासांत ४०० किलो घालायचं तर मिनिटाला २.७ किलो, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला सव्वा-दीड किलोची एक कवळ. सुरुवातीला तराजूवर चार-पाच कवळा वजन करून बघा, हाताला अंदाज बसतो. काकवीची अवस्था आली (१०५-१०६ अंश) की जाळ कमी करायला लागा. शेवटची पंधरा-वीस मिनिटं तर निखाऱ्यावरच काम भागलं पाहिजे. त्या वेळी पाणी थोडं राहिलेलं असतं, पाक घट्ट असतो, तळाशी करपून रंग जातो. गूळ ११८-१२० अंशांवर उतरतो, तिथवर भडका ठेवायचं काहीच कारण नाही.

दुसरं, जाळी बसवा. तुमच्या गरजेला बिडाच्या पट्ट्यांची, सव्वा चौरस मीटरच्या आसपास, पट्ट्यांमध्ये १०-१२ मिलिमीटर फट. खाली राखेचा खड्डा आणि त्याला झाकणाचं तोंड. मग हवा खालून येते आणि ती कमी-जास्त करता येते. जाळ घालायच्या तोंडाला लोखंडी पडदा लावा, कवळ टाकून झाली की तो पडला पाहिजे. जाळीपासून काहिलीच्या तळापर्यंत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. कमी ठेवलं तर ज्योत गार तळाला लागून अर्धवट विझते, तळाला काजळीचा थर बसतो आणि तो थर उष्णता अडवतो.

---

पन्हाळा_गुऱ्हाळ

ऑक्सिजन मोजायचं यंत्र परवडणारं नाही. त्याच्याशिवाय कसं कळायचं?

---

उष्मागतिक

जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागात किंवा ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्यांकडे फ्लू गॅस अ‍ॅनालायझर असतो. दोन आदणांपुरता मिळाला तरी पुष्कळ. ऑक्सिजन ६ ते ८ टक्क्यांत राहिला पाहिजे. ७ टक्के म्हणजे गरजेपेक्षा दीडपट हवा, १४ टक्के म्हणजे तिप्पट. धूर ५०० अंशांवर बाहेर पडतो असं धरलं, तर पहिल्या वेळी सरपणातली सुमारे ३० टक्के उष्णता धुरासोबत जाते, दुसऱ्या वेळी ५५ टक्क्यांच्या वर.

यंत्र नसेल तर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि डिजिटल इंडिकेटर घ्या, स्वस्त असतो. धुराड्याच्या बुडाशी भोक पाडून टोक धुराच्या मधोमध येईल असं बसवा. ५५०-६०० दाखवत असेल तर ज्योत काहिलीखाली न थांबता धुराड्यात शिरतेय, धुराची दांडी (धुराच्या वाटेतली सरकती झडप) थोडी बंद करा. आणि डोळे आहेतच: काळा धूर म्हणजे जाळ जास्त किंवा हवा कमी. धूर अजिबात दिसत नाही पण रसाला उकळीही जोर धरत नाही, म्हणजे हवा जास्त. फिकट करडा धूर आणि काहीलभर सारखी उकळी, हे बरोबर.

---

गंजीवाला

सगळे चुलवाणातच शिरलेत. ओल्या चिपाडाचं काय? ५० टक्के ओलावा असेल तर किलोला जेमतेम ७.५ मेगाज्यूल मिळतात, ३० टक्क्यांना ११-११.५, १२ टक्क्यांना १५. अर्धवट वाळलेलं चिपाड घातलं तर वरचा सगळा हिशेब कोसळतो.

अडचण जागेची आहे. ८०० किलो ओलं चिपाड ३-४ इंचांच्या थरात पसरायला ९०० ते ९५० चौरस फूट लागतात. दिवसाला ४ आदणं आणि वाळायला दोन दिवस धरले तर साडेसात हजार चौरस फूट, म्हणजे सात गुंठे. थर जाड केला की वरचं वाळतं, खालचं आंबतं. दुपारी एकदा आणि उन्हं उतरायच्या आधी एकदा उलथायचं. संध्याकाळी ओळीत ओढून ताडपत्री टाकायची, नाहीतर थंडीतलं दव दिवसभराची कमाई परत घेतं. गंजी ओल्याची रचू नका. आतून तापते आणि कधी पेटते.

ओलावा तपासायला १०० ग्रॅम चिपाड ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के. तव्यावर करू नका, करपलेलं वजनही त्यात धरलं जातं.

घाणाही बघा. रस ६० टक्क्यांच्या खाली निघत असेल तर चिपाड ओलं राहतंच, शिवाय गुळाची साखर तुम्ही जाळताय. असलं महाग सरपण दुसरं नाही.

---

काकवी१०६

धुराड्यातल्या गरम धुरावर चिपाड वाळवता येतं ना? मग सात गुंठे कशाला अडवायचे?

---

गंजीवाला

येतं. साखर कारखान्यांत त्यासाठी वेगळी वाळवणयंत्रं असतात, ठिणगी अडवायची सोय आणि तापमानावर ताबा ठेवून. गुऱ्हाळावर ४०० अंशांचा धूर सुट्या चिपाडात सोडणं म्हणजे आगीला आवतण. मी सुचवणार नाही.

---

राखजाळी

गरम धूर वापरायचाच तर रस तापवा. मोठी काहील आणि धुराडं यांच्यामधल्या धुराच्या बोगद्यावर दुसरी लहान काहील बसवायची. पुढच्या आदणाचा रस ८५ अंशांपर्यंत चढला तरी २७० मेगाज्यूल वाचतात, म्हणजे एकूण गरजेच्या दहा टक्क्यांहून थोडे जास्त. शिवाय आदण लवकर उतरतं.

यात तीन गोष्टी बिघडतात. बोगदा उथळ केला तर धुराड्याची ओढ मरते आणि जाळ तोंडातून बाहेर येतो. काहिलीच्या तळाखाली नऊ-दहा इंच मोकळे ठेवा आणि राख काढायला बाजूला दार ठेवा. दुसरं, लहान काहील रिकामी झाली की तळ जळतो, म्हणून रस ओतला की लगेच ताजा भरायचा. तिसरं बहुतेकांना माहीत नसतं: कोमट रस तासन्‌तास ठेवला तर आंबतो, त्यातली साखर फुटते आणि गूळ मऊ पडतो, रवा धरत नाही. आदणं सलग चालणार असतील तरच ही काहील ठेवा. शेवटच्या आदणाच्या वेळी तिच्यात साधं पाणी भरा, धुवायला कामी येतं.

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेनं तळाला समांतर पट्ट्या जोडलेल्या काहिलींवर आणि तीन काहिलींच्या भट्टीवर काम केलंय. पट्ट्यांनी तळाचं क्षेत्रफळ वाढतं, सरपण वाचतं. पट्ट्या धुराच्या वाहण्याच्या दिशेनंच हव्यात, आडव्या लावल्या तर राख अडकते. वेल्डिंग कच्चं असेल तर तिथूनच काहील गळते. नवी काहील करायची असेल तेव्हा विचार करा, जुन्या पातळ तळाला डागण्या देत बसू नका.

---

उष्मागतिक

ब्लोअरबद्दल कोणी बोललं नाही. जाळी आणि झडप नसताना २ अश्वशक्तीचा ब्लोअर लावला तर राख आणि ठिणग्या उडून रसात येतात, तोंडातून ज्वाळा बाहेर फेकल्या जातात (माणूस भाजतो) आणि जादा हवेचा तोटा विजेचं बिल भरून वाढवता. तुमचं धुराडं ३० फुटी आहे, धूर ४०० अंशांवर असेल तर साडेपाच मिलिमीटर पाण्याइतकी ओढ मिळते. नैसर्गिक हवेवर चालायला तेवढी पुरते, मात्र आतला व्यास दोन फुटांच्या आसपास हवा आणि बुडाशी फटी नकोत. फटीतून गार हवा शिरली की ओढ तिथेच संपते.

गॅसिफायर: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९९०च्या दशकात उसाचं पाचट आणि चिपाड विटा न करता थेट घेणाऱ्या गॅसिफायरवर चांगलं काम झालं, ते औद्योगिक उष्णतेसाठीच होतं. पण सुटं चिपाड हलकं असतं, आत पोकळी धरून अडकतं, त्यामुळे सारखं घालणं, हलवणं, कोळशाची राख काढणं हे सांभाळायला शिकलेला माणूस लागतो. चिपाड तर तिथेही कोरडंच लागतं. एका काहिलीसाठी एवढा व्याप नको.

---

पाचटप्रेमी

पाचट जाळलं तर चालेल का? फुकट आहे.

---

राखजाळी

थोडं मिसळून चालेल. जास्त घातलं तर त्याच्या राखेतली सिलिका आणि पोटॅश वितळून जाळीवर खडे धरतात, मग पहारीनं फोडत बसा. शेतात आच्छादन म्हणून ठेवलेलं जास्त फायद्याचं. घरगुती सरपण हवं असेल तर पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडता येतात. पुण्याच्या आरती संस्थेला त्याच तंत्रासाठी २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. तिथे पाचट बंद पिंपात भाजतात आणि निघणारा वायू त्याच भट्टीत जाळतात, म्हणून धूर होत नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीला मात्र कोळसा करून जाळणं परवडायचं नाही, अर्धी उष्णता आधीच जाते.

---

पन्हाळा_गुऱ्हाळ

म्हणजे ब्लोअर आणि गॅसिफायर रद्द. यंदा जाळी, पडदा, धुराची दांडी आणि थर्मोकपल एवढंच करतो. पुढच्या हंगामाआधी रस तापवायची काहील. भिंतीचं काय? चुलवाण जमिनीत आहे, जागा नदीजवळची.

---

राखजाळी

ओली जमीन पुष्कळ उष्णता पिते. भिंत उघडाल तेव्हा आत आयएस-८ दर्जाच्या फायर ब्रिक (ताप सोसणाऱ्या विटा), बाहेर साधी वीट आणि मधल्या दोन इंचांत भाताच्या तुसाची राख ठासून भरा. फायर क्लेचाच लेप वापरा, सिमेंट त्या तापाला तडकतं. बांधकाम झाल्यावर तीन-चार दिवस मंद जाळावर वाळवा, पहिल्याच दिवशी आदण चढवलं तर ओलाव्याची वाफ विटा फोडते.

दांडीला साधा पत्रा लावू नका, वाकतो आणि खाचेत अडकतो. बिडाची किंवा ५-६ मिलिमीटरची ३०४ स्टेनलेस पाटी घ्या, साखळीला वजन लावून. पाटीचा एक कोपरा कापून ठेवा, म्हणजे ती चुकून पूर्ण बंद झाली तरी धुराला वाट राहील. नाहीतर विषारी वायू जाळ घालणाऱ्याच्या तोंडावर येतो.