मदत हवी आहे: जुन्या मराठी चित्रपटांचा दिवसभराचा कार्यक्रम, आवाज आणि क्रम

नमस्कार मंडळी. ऐरोलीत सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी ९ ते रात्री ९ कार्यक्रम ठरतोय. बहुतेकजण पहिल्यांदाच बघणार. 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'श्यामची आई' (१९५३), 'पिंजरा' (१९७२) हे चार नक्की.

चित्राचं जमलंय. पहिले तीन साधारण ४:३ (रुंदी:उंची) मापाचे, म्हणून प्रोजेक्टर १६:९ वर ताणायचा नाही. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या, नाहीतर चेहरे आडवे पसरतात.

अडलंय आवाजावर. जुन्या ध्वनिपट्टीत वरचे सूर मुळातच कमी, त्यात खाली फरशी, दोन बाजूंना काचा, म्हणजे संवाद घुमणारच. 'कुंकू'त तर पार्श्वसंगीतच नाही, प्रसंगातलेच आवाज. तिथे एकेक शब्द कळायलाच हवा. बास (खालचे जाड सूर) उतरवून २ ते ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे शब्द स्पष्ट करणारा पट्टा ३ डेसिबलने चढवला तर शब्द सुटे होतील, पण खरखरही वाढेल ना? की इक्वलायझरला (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या सोयीला) हात न लावता सतरंज्या, जाड पडदे आणि कानाच्या उंचीवर पुढे आणलेले दोन स्पीकर पुरतील? क्लबहाऊसमध्ये कुणी हे केलं असेल तर नेमकं सेटिंग सांगा.

आणि 'कुंकू' जेवणाआधी की नंतर? जेवणानंतर डोळे मिटतात, आणि हा चित्रपट तसा बघू नये.