खिडकीभोवती वॉलपेपर की रंग?

डोंबिवलीकर: हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीभोवती हिरव्या वेलींचा वॉलपेपर लावायचाय. पण गेल्या पावसाळ्यात चौकटीखाली तळहाताएवढे पोपडे आले होते. आई म्हणते, "आधी भिंत बघ, मग वेली." काय करू?

रंगारी_हौशी: आईंचं ऐका! पाणी बहुधा चौकटीच्या फटीतून येतंय. बाहेरून सिलिकॉन भरा, पोपडे खरवडा, भिंत खडखडीत वाळू द्या. पुट्टी-प्रायमर त्यानंतर.

मुलुंडची_मावशी: मी घाई केली होती. ऐन गणपतीत पाहुण्यांसमोर वॉलपेपरचा कोपरा लोंबत होता, मागे काळी बुरशी! आता खिडकीभोवती वीतभर धुता येणारा रंग दिलाय, वॉलपेपर समोरच्या कोरड्या भिंतीवर.

डोंबिवलीकर: पट्टा गडद की पांढरा, मावशी?

मुलुंडची_मावशी: पांढरा रे. उजेड आत येतो. डाग मात्र दिसतात.